आकाशाला ताप येतो का?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, गुण द्यायचे नाहीत. खालची दोन वाक्यं मोठ्याने वाचा.

आशेने दार उघडले.
आशाने दार उघडले.

पहिल्या वाक्यात दार कोणी उघडलं? नीट विचार करा. आपलं कोणीतरी आलं असेल, पोस्टमनने पत्र आणलं असेल, असं वाटून कोणीतरी दार उघडलं. कोणी ते वाक्यात सांगितलेलंच नाही! आणि दुसऱ्या वाक्यात? तिथे आशा नावाच्या मुलीने दार उघडलं. फरक केवढा, तर एका मात्रेचा आणि एका कान्याचा. पण तुम्ही मराठी बोलणारी मुलं आहात, म्हणून तुमच्या कानाला तो लगेच कळला. कोणी नियम सांगायची वाट तुम्ही पाहिली नाहीत.

आज आपण याच कानाच्या मदतीने सामान्यनाम आणि विशेषनाम यांच्याशी दोस्ती करणार आहोत. पाचवी ते सातवीच्या मुलांना हा धडा अगदी सोपा वाटतो. व्याख्या पाठ केली की झालं! पण पेपरात "अधोरेखित नामाचा प्रकार ओळखा" असा प्रश्न आला की पेन तोंडात जातं. असं का होतं? कारण व्याख्या डोक्यात असते, पण नामं आपल्या अवतीभवती उड्या मारत असतात. आज इथे, उद्या तिथे!

आधी उजळणी

वस्तूला, प्राण्याला, माणसाला, गावाला किंवा मनातल्या एखाद्या गुणाला दिलेलं नाव म्हणजे नाम. दप्तर, कावळा, शिक्षक, सातारा, प्रामाणिकपणा ही सगळी नामंच.

एकाच जातीच्या सगळ्यांना मिळून जे नाव असतं ते सामान्यनाम. मुलगी, नदी, डोंगर, गाव, पुस्तक. जगातल्या कोणत्याही नदीला तुम्ही 'नदी' म्हणू शकता, ती रागावणार नाही. इथे 'सामान्य' म्हणजे साधंसुधं किंवा कमी दर्जाचं नव्हे बरं का! सर्वांना समान असलेलं, सर्वांचं मिळून असलेलं, ते सामान्य.

त्या जातीतल्या एकाच व्यक्तीला, एकाच वस्तूला किंवा ठिकाणाला ओळखण्यासाठी जे नाव ठेवलेलं असतं ते विशेषनाम. नदी म्हटलं की हजारो आल्या, पण भीमा म्हटलं की एकच आली. डोंगररांग म्हटलं की अनेक आल्या, पण सह्याद्री म्हटलं की तोच तो, आपल्या पाठीशी उभा असलेला.

तिसरा भाऊही आहे, भाववाचक नाम. जे हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण असतं, त्याचं नाव म्हणजे भाववाचक नाम. गोडी, धैर्य, दुःख, मैत्री. सुरुवातीच्या वाक्यातली 'आशा' (दार उघडणारी मुलगी नव्हे, मनातली) ती भाववाचक नाम.

मोठं अक्षर नाही, मग ओळखायचं कसं?

इंग्रजीत सोय आहे. विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. दुरून पाहिलं तरी कळतं. आपल्या देवनागरीत मोठं अक्षर, लहान अक्षर असा भेदभावच नाही. सगळी अक्षरं एका रेषेखाली, वर्गातल्या प्रार्थनेसारखी सारख्या उंचीची! म्हणून आपल्याला दुसऱ्या युक्त्या शोधाव्या लागतात. तीन युक्त्या सांगते.

युक्ती पहिली, मोजून पाहा. नामाच्या आधी 'दोन' किंवा 'पुष्कळ' लावा. दोन गावं, पुष्कळ हत्ती, सात नद्या. वाक्य बरोबर वाटलं, म्हणजे सामान्यनाम. आता म्हणा, 'दोन कोल्हापूर', 'पुष्कळ सह्याद्री'. हसू आलं ना? म्हणजे विशेषनाम. मात्र एक लक्षात ठेवा. पाणी, तूप, सोनं, तांबं यांना आपण मोजत नाही, मापतो. 'दोन तूप' म्हणत नाही, 'दोन वाट्या तूप' म्हणतो. तरीही ती सामान्यनामंच, कारण जगातल्या सगळ्या तुपाला तूपच म्हणतात. कळप, सैन्य, वर्ग ही समूहाची नावंसुद्धा सामान्यनामंच.

युक्ती दुसरी, बारसं कोणी केलं ते विचारा. 'मुलगी' हे नाव कोणी ठेवलं? कोणीच नाही. ते भाषेतच आहे. मुलगी जन्माला येताच ते तिला फुकट मिळतं. पण तुमचं नाव मात्र कोणीतरी ठेवलंय. आजीने सुचवलं असेल, आत्याने कानात सांगितलं असेल, बाबांनी चार दिवस वहीत यादी केली असेल. ज्याचं बारसं झालं ते विशेषनाम. गावाचं, गडाचं, शाळेचं, गोठ्यातल्या गाईचंही बारसं होऊ शकतं. 'गाय' सामान्यनाम, पण तुमच्या आजोबांच्या हाकेला ओ देणारी 'कपिला' विशेषनाम.

युक्ती तिसरी आपली सगळ्यांत लाडकी. कानाला विचारा!

कान काय सांगतो?

मराठीत नामाला 'ने', 'ला', 'त', 'चा' असे प्रत्यय लागतात. प्रत्यय लागण्याआधी नाम आपलं रूप थोडं बदलतं. घोडा + ला म्हणजे घोड्याला. शाळा + त म्हणजे शाळेत. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. (नाव सारखं असलं तरी सामान्यनाम वेगळं आणि सामान्यरूप वेगळं. गोंधळू नका.)

आता गंमत पाहा. तोच शब्द माणसाचं नाव झाला, की रोजच्या बोलण्यात तो बदलायला तयारच होत नाही! या जोड्या वाचा.

आकाशाला टेकलेला डोंगर. आकाशला ताप आलाय.
कवितेला बक्षीस मिळाले. कविताला बक्षीस मिळाले.
पूजेला फुले आणली. पूजाला फुले आणली.
सागराने किनारा गिळला. सागरने लाडू गिळला.
सीमेवर सैनिक उभे आहेत. सीमावर बाई रागावल्या.

पाहिलंत? डावीकडचं आकाश म्हणजे डोक्यावरचं निळं आकाश, म्हणून 'आकाशाला'. उजवीकडचा आकाश दुसऱ्या बाकावरचा, म्हणून 'आकाशला'. आकाशाला ताप येत नाही, आकाशला येतो. कवितेला बक्षीस मिळालं तर कवीला आनंद. कविताला मिळालं तर कविताला आनंद!

वर्गात ही वाक्यं फळ्यावर लिहिली की मुलं आपापली नावं घेऊन तपासायला लागतात. ज्यांची नावं 'ई'ने संपतात ती मात्र हिरमुसतात, कारण ज्योती, भारती यांच्यात फरक दिसत नाही. 'ज्योतीने अंधार पळाला' आणि 'ज्योतीने डबा खाल्ला', दोन्हीकडे 'ज्योतीने'. तिथे कान गप्प बसतो आणि वाक्याचा अर्थच बघावा लागतो.

आणखी दोन अपवाद सांगते, म्हणजे नंतर तुम्ही मला पकडायला नको. गावांची आणि नद्यांची नावं विशेषनामं असली तरी बदलतात. सातारा - साताऱ्याला, पुणे - पुण्यात, कृष्णा - कृष्णेला पूर आला. पण शेजारच्या कृष्णाला मात्र पूर येत नाही, फार तर रडू येतं! तसंच पुराणातल्या आणि जुन्या पुस्तकांतल्या थोर माणसांची नावं बदललेली दिसतात. 'रामाने धनुष्य उचलले', 'सीतेला वनवास घडला'. पण आपल्या वर्गातल्या रामने दप्तर उचललं आणि सीताला खोकला झाला. जवळच्या माणसाचं नाव आपण जसंच्या तसं ठेवतो, मोडत नाही, वाकवत नाही. मला मराठीची ही रीत फार आवडते.

घर बदलणारी नामं

मघाशी म्हटलं ना, नामं उड्या मारतात? आता त्यांच्या उड्या पाहू.

पहिली उडी, सामान्यनामाकडून विशेषनामाकडे. 'पाटील' हे पूर्वी गावच्या अधिकाऱ्याचं पद होतं, म्हणजे सामान्यनाम. गावोगावी पाटील असत. तसेच कुलकर्णी, देशपांडे, देशमुख. पुढे ती आडनावं झाली. वंशपरंपरेने चालणारी पाटीलकी १९६० च्या दशकात कायद्याने संपली, पण आडनाव राहिलं. पोलीस पाटील हे पद मात्र आजही आहे. म्हणून 'गावचे पोलीस पाटील आले' यात पाटील सामान्यनाम, आणि 'पाटील बाई आल्या' यात विशेषनाम. सुतार, लोहार, सोनार, कुंभार यांचंही तसंच. सुतार आडनावाची मुलगी डॉक्टर असू शकते आणि लोहार आडनावाचा मुलगा शिक्षक. आडनाव हे विशेषनाम आहे, ते आपण काय काम करावं ते ठरवत नाही.

'नगर' हा शब्द घ्या. नगर म्हणजे शहर, सामान्यनाम. पण 'मी उद्या नगरला जाणार' असं कोणी म्हणालं की महाराष्ट्रात सगळ्यांना एकच शहर आठवतं. अहमदनगरचं हे लाडकं, छोटं नाव. २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलताना पुष्कळ जण अजून 'नगर'च म्हणतात. आणि घरातलं उदाहरण? 'आई'! जगात कितीतरी आया आहेत, म्हणून आई सामान्यनाम. पण 'आई आली!' असं तुम्ही ओरडता तेव्हा कोणाची आई, असं कोणी विचारतं का? त्या क्षणी 'आई' हे विशेषनामासारखंच काम करतं.

दुसरी उडी, विशेषनामाकडून सामान्यनामाकडे. आमच्या वर्गात तीन आकाश आहेत, असं तुम्ही म्हणालात की संपलं! 'तीन' लागलं, आता आकाश म्हणजे 'आकाश नावाची मुलं'. पण याहून मोठ्या उड्या मारणारी नावं आहेत.

उन्हाळ्यात तुम्ही हापूस आंबा चोखून खाता. 'हापूस' हे एका माणसाचं नाव आहे हे माहीत आहे का? अफोन्सो द अल्बुकर्क नावाचा पोर्तुगीज सरदार होता. १५१० मध्ये त्याने गोवा जिंकून घेतला. त्या अफोन्सोच्या नावावरून आंब्याच्या जातीला नाव पडलं, आणि आपल्या तोंडी ते अफूस, हापूस असं झालं. आता कोणी पेटीतल्या आंब्याला सरदार समजून मुजरा करत नाही!

अंगणातली कागदासारख्या फुलांची बोगनवेल पाहिलीय ना? बोगनव्हील नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी होता. त्याच्या नावावरून या झुडपाला नाव दिलं गेलं. आपण त्यात आपली 'वेल' शोधून काढली आणि म्हणायला लागलो बोगनवेल. ट्रॅक्टरमध्ये भरतात ते डिझेल रुडॉल्फ डिझेल (१८५८-१९१३) या जर्मन इंजिनिअरच्या नावावरून आलं. 'झेरॉक्स' हे खरं तर एका अमेरिकन कंपनीचं नाव, पण चौकातल्या दुकानात आपण 'दोन झेरॉक्स द्या' असंच म्हणतो. 'दोन' लागलं, झालं सामान्यनाम! 'एसटी' म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. पण फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला धुरळा दिसला की तो म्हणतो, 'एसटी आली!'

आणि सगळ्यांत मोठी उडी कोणाची? चंद्राची!

हजारो वर्षं माणसाला एकच चंद्र माहीत होता. त्यामुळे चंद्र म्हणजे चंद्र, विशेषनाम. मग जानेवारी १६१० मध्ये इटलीतल्या गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळवली. गुरूजवळ त्याला बारीक ठिपके दिसले. रोज पाहिलं तर ते जागा बदलत होते. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की हे चार ठिपके गुरूभोवती फिरताहेत, जसा आपला चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. म्हणजे गुरूलाही चंद्र आहेत, तेही चार! त्या रात्रींनी व्याकरणही बदलून टाकलं. चंद्र मोजता येऊ लागले, तेव्हा 'चंद्र' सामान्यनाम झालं. मग त्या चौघांचं बारसं करावं लागलं. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. आज शनीचे शंभराहून अधिक चंद्र ठाऊक झाले आहेत. तरी २३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३ चंद्रावर उतरले' अशी बातमी ऐकली तेव्हा कोणत्या चंद्रावर, असं कोणी विचारलं नाही. तिथे तो आपला, एकुलता एक, विशेषनामवाला चंद्र होता.

म्हणून प्रकार ओळखताना नुसता शब्द पाहू नका. तो वाक्यात कोणतं काम करतोय ते पाहा. हाच या धड्याचा गाभा.

नाव नको असलेल्या मुली

आता जरा गंभीर गोष्ट. ही आईबाबांसोबत वाचलीत तर बरं.

'नकोशी' हा शब्द विशेषण आहे. नकोसा उकाडा, नकोशी कटकट. पण आपल्याच महाराष्ट्रात काही घरांत मुलगा हवा असताना मुलगी झाली, की तिचं नावच 'नकुशी' किंवा 'नकोशी' ठेवायचे. ती हाक ऐकत मुलगी मोठी व्हायची. शाळेच्या हजेरीत तेच नाव, प्रगतिपुस्तकावर तेच नाव. जे नाव तिला इतरांपासून वेगळं ओळखण्यासाठी, प्रेमाने ठेवायचं, तेच तिला रोज सांगायचं की तू नको होतीस.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक वेगळंच बारसं झालं. अशा २८५ मुलींनी आपली जुनी नावं सोडून नवी नावं घेतली. समारंभ झाला, नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. विचार करा, व्याकरणाच्या पुस्तकात विशेषनामाची व्याख्या एका ओळीची असते. पण त्या मुलींसाठी एक विशेषनाम बदलणं म्हणजे केवढी गोष्ट!

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या वर्गात कोणी नकुशी नाही. नसेल. पण 'जाड्या', 'बुटकी', 'चष्मिश', 'काळ्या' आहे का? आठवून पाहा. हीसुद्धा विशेषणंच आहेत, माणसाला नावासारखी चिकटवलेली. आणि वर्षाच्या मध्येच ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या घरातला मुलगा वर्गात येऊन बसतो, तेव्हा त्याला काय म्हणतात? 'तो नवा', 'भट्टीवाला'. म्हणजे त्याला सामान्यनामानेच हाक मारली जाते. त्याचंही बारसं झालेलं आहे, त्याच्याही आजीने नाव सुचवलेलं आहे. पण आपण विचारतच नाही. सामान्यनामाने हाक मारली की माणूस गर्दीतला एक होतो. नावाने हाक मारली की तो वळून बघतो, आणि बहुतेक वेळा हसतो!

घरातही शोधा. रोज भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं नाव काय? शाळेच्या शिपाईकाकांचं? रिक्षावाल्या काकांचं? 'मावशी', 'काका' म्हणणं चांगलंच आहे, त्यात आदर आहे, आपुलकी आहे. त्यांना नुसत्या नावाने हाक मारू नका. पण नाव माहीत असू द्या. 'काका' म्हणण्याऐवजी कधीतरी 'रमेशकाका' म्हणून बघा.

आणि तुमची आजी? तिचं नाव माहीत असेल. पण लग्नाआधीचं? आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत पुष्कळ घरांत होती. त्यामुळे कितीतरी आज्यांची दोन विशेषनामं असतात, आणि पहिलं नाव हाक मारणारं आता कोणी उरलेलं नसतं. आजोबांचं नावही ती घेत नसे. 'अहो', 'हे' असं म्हणायची. नवऱ्याचं नाव तोंडावर घ्यायचं नाही, अशी पद्धत होती. मग सणासमारंभात बायका आग्रह करायच्या आणि उखाण्यात गुंफून ते एक विशेषनाम उच्चारलं जायचं. म्हणून तर त्याला 'नाव घेणं' म्हणतात! आजीला तिचं माहेरचं नाव विचारा, आणि एकदा त्या नावाने हाक मारायची परवानगी मागा. काय होतं ते पाहा.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांकडून व्याख्या घोकून घेऊ नका. किराण्याची यादी हातात द्या. साखर, तूरडाळ, साबण सामान्यनामं, साबणाचा छाप विशेषनाम. एसटीने जाताना गाड्यांच्या पाट्या वाचायला लावा. रविवारचा पेपर घेऊन एका बातमीतल्या विशेषनामांखाली लाल आणि सामान्यनामांखाली निळी रेघ मारायला सांगा. चूक झाली तर लगेच उत्तर सांगू नका. "दोन लावून बघ", "कानाला विचार", एवढंच म्हणा. मूल स्वतः शोधून काढेल. आणि त्याच्या नावाची गोष्ट त्याला जरूर सांगा. ते कोणी सुचवलं, का ठेवलं, आणखी कोणती नावं मनात होती. विशेषनामाचा यापेक्षा चांगला धडा कोणत्याच पुस्तकात नाही.

आता तुमची पाळी

खालच्या वाक्यांतली कंसातली नामं ओळखा. उत्तरं शेवटी दिली आहेत, पण आधी वहीत लिहा. डोकावायचं नाही!

१. (कवितेने) सगळ्यांना हसवले.
२. (कविताने) सगळ्यांना हसवले.
३. शनीला पुष्कळ (चंद्र) आहेत.
४. रात्री (चंद्र) ढगाआड गेला.
५. आमच्या वर्गात तीन (जाधव) आहेत.
६. (नगरहून) मामा आले.
७. मोठ्या (आशेने) तो निकाल पाहायला गेला.
८. मामांनी (हापूसची) पेटी आणली.

आणि या आठवड्याचा खास गृहपाठ. ज्यांना आपण रोज भेटतो, पण ज्यांचं नाव आपल्याला माहीत नाही, अशा तीन माणसांची नावं विचारून वहीत लिहा. विचारताना आधी आपलं नाव सांगा, ही रीत आहे.

पुढच्या आठवड्यात आपण सर्वनामांना भेटू. 'मी', 'तू' आणि 'तुम्ही' यांचं आपसात कधी कधी फार बिनसतं, ती गंमत तेव्हा. तोवर कान उघडे ठेवा!

तुमच्या,
बाई

उत्तरे : १. सामान्यनाम २. विशेषनाम ३. सामान्यनाम ४. विशेषनाम ५. मूळचे विशेषनाम, इथे सामान्यनाम ६. मूळचे सामान्यनाम, इथे विशेषनाम ७. भाववाचक नाम ८. मूळचे विशेषनाम, आता आंब्याच्या जातीचे नाव